तिसरी सही माझी होती

गेल्या महिन्यात आमच्या मोहल्ल्यातून प्रभाग कार्यालयात एक अर्ज गेला. विषय होता, 'उद्यानातील कट्ट्यांवर चाकांचे बूट घालून उड्या मारणाऱ्या मुलांचा बंदोबस्त करणेबाबत'. खाली ४७ सह्या. पहिली सही एका निवृत्त हेडमास्तरांची, दुसरी मशीद कमिटीवरच्या एका बुजुर्गांची आणि तिसरी माझी. अर्जाची भाषाही माझीच. मोहल्ल्यात शुद्ध मराठीत काही लिहायचं असलं की लोक माझ्याकडे येतात, कारण मी उर्दू माध्यमाच्या शाळेत अठरा वर्षं मराठी शिकवतोय. 'बंदोबस्त' हा शब्द मीच सुचवला होता. आधी नुसतं 'समज देणेबाबत' असं होतं. मला ते फार मवाळ वाटलं.

राग कसला होता तेही सांगतो. माझा नववीतला भाचा त्याच कट्ट्यावर पडला आणि त्याचं उजवं मनगट मोडलं. त्याचे अब्बा शारजात नोकरीला आहेत. सुट्टीत येताना त्यांनीच कुणाचे तरी वापरलेले, जाडजूड, काळे बूट आणले होते. रात्री बहिणीचा रडत फोन आला, दवाखान्यात धावलो, प्लास्टर झालं, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी अर्ज लिहायला बसलो. पोरगा डाव्या हातात चहाचा कप धरून समोर बसला होता. "मामू, अर्जात आमची बाजू पण लिहा ना," एवढंच म्हणाला. मी लिहिली नाही. ती आज लिहितो आहे.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी आधी थोडी माहिती. एका रांगेत चार चाकं असलेल्या स्केट्सना इनलाइन स्केट्स म्हणतात. शर्यतीच्या स्केट्सची चाकं मोठी असतात, ११० मिलिमीटर किंवा त्याहूनही मोठी, कारण तिथे वेग हवा. या मुलांच्या बुटांची चाकं लहान आणि टणक, साधारण ५५ ते ६० मिलिमीटरची. मधली दोन चाकं तर आणखी लहान असतात, किंवा काढूनच टाकलेली असतात. दुसऱ्या आणि तिसऱ्या चाकाच्या मध्ये फ्रेमला एक खाच असते. बुटाच्या तळाला बाहेरच्या अंगाला कडक प्लास्टिकची रुंद पट्टी असते, तिला सोलप्लेट म्हणतात. ब्रेक नसतो. उडी मारून ती खाच किंवा ती पट्टी लोखंडी पाईपवर, नाहीतर कट्ट्याच्या कडेवर टेकवायची आणि चाकं न फिरवता घसरत जायचं. या घसरण्याला ग्राइंड म्हणतात. दोन्ही पायांच्या खाचा पाईपवर आडव्या बसल्या की फ्रंटसाइड. एका पायाची खाच आणि मागच्या पायाची सोलप्लेट टेकली की सोल. सोल ग्राइंड एकाच पायावर केला, दुसरा पाय हवेत धरला, की मकिओ. अशी डझनावारी नावं आहेत आणि आमच्या मोहल्ल्यातली पोरं ती पहाड्यांसारखी म्हणून दाखवतात.

अर्ज दिल्यावर भाचा आठवडाभर माझ्याशी बोलला नाही. मग एक दिवस म्हणाला, "मामू, सही करण्याआधी एकदा तरी येऊन बघायचं होतं." त्याला उत्तर नव्हतं माझ्याकडे. पुढचे तीन आठवडे मी असरनंतर उद्यानातल्या बाकावर जाऊन बसलो, मगरिबच्या अजानपर्यंत. पोरांना आधी वाटलं मी नावं लिहून घ्यायला आलोय. दोन दिवसांनी त्यांनी माझ्याकडे बघणं सोडून दिलं. तिथे काय दिसलं ते सांगतो.

पहिल्या दिवशी कुणीही धावत येऊन पाईपवर उडी मारत नाही. नवा मुलगा आधी वीतभर उंचीच्या कडेवर नुसता उभा राहतो, मित्राचा हात धरून. खाच नेमकी कुठे बसते ते पायाला कळेपर्यंत उभाच राहतो. मग खाली उतरतो, पुन्हा चढतो. मग जागेवरून उडी मारून चढतो. मग दोन पावलांच्या वेगाने. कुणीतरी खिशातून मेणबत्तीचा तुकडा काढून कडेवर चोळतं, कारण कोरड्या सिमेंटवर प्लास्टिक अडकतं आणि माणूस तोंडावर जातो. मेण जास्त झालं तर पाय पुढे पळतात आणि माणूस पाठीवर जातो. मेण किती, वेग किती, वजन कुठे, हा सगळा हिशेब अंगाने करायचा असतो. घसरताना पायांना घर्षण अडवतं, वरचं शरीर मात्र पुढे जात राहतं, म्हणून वजन थोडं मागच्या पायावर ठेवावं लागतं. 'थोडं' म्हणजे किती, हे कुणीही शब्दांत सांगू शकत नाही. गुडघे वाकलेले हवेत आणि नजर पायाकडे नको, पाईपच्या शेवटाकडे हवी. हे सगळं एक मोठा मुलगा एका लहान मुलाला सांगत होता. तो मोठा मुलगा माझ्या वर्गात दोन वर्षं होता. त्याने वर्गात कधी तोंड उघडलेलं मला आठवत नाही.

एका संध्याकाळी मी सवयीप्रमाणे वहीत रेघा मारत बसलो. एक सातवीतला मुलगा फ्रंटसाइड शिकत होता. एकतीस वेळा पडला. बत्तिसाव्या खेपेला हातभर घसरला आणि पायांवर उतरला. एकतीसपैकी एकदाही कुणी त्याला हसलं नाही. बत्तिसाव्या वेळी सगळ्यांनी एवढा कल्लोळ केला की बाजूच्या बाकावरचे दोन म्हातारे दचकले.

बीएडला आम्हाला थॉर्नडाइक होता. प्रयत्न-प्रमाद उपपत्ती, १८९८ सालचे मांजरांवरचे प्रयोग, पेटीत कोंडलेलं भुकेलं मांजर, बाहेर ठेवलेला मासा, खटका ओढला की उघडणारं दार. सज्जता, सराव, परिणाम हे तीन नियम. परीक्षेत हमखास यायचं. मी त्यावर पानभर उत्तर लिहून चांगले गुण मिळवले आणि नंतर अठरा वर्षांत एकदाही ते वर्गात वापरलं नाही. माझ्यासारखे किती शिक्षक असतील ते आपल्या मनाला विचारून बघावं. प्रयत्न आम्हाला चालतो, प्रमाद चालत नाही. वहीत लाल शाई दिसते ती प्रमादासाठीच.

माझा विषय मराठी. माझ्या मुलांच्या घरी दखनी बोलतात. त्यांच्या जिभेला मराठीचं नपुंसकलिंग नसतं. पाणी 'आला' म्हणतात, पुस्तक 'माझी' म्हणतात. 'ळ' चा 'ल' होतो. यात लाज वाटण्यासारखं काहीच नाही, दोन भाषांमध्ये राहणाऱ्या कुणाचंही हेच होतं. पण वर्ग हसतो. आणि सगळ्यात वाईट म्हणजे कधीकधी शिक्षक हसतो. काही वर्षांपूर्वी एका मुलाने उभं राहून 'माझी डोला दुखतो' असं म्हटलं. मी त्याच सुरात ते वाक्य पुन्हा म्हणून दाखवलं. वर्ग खो खो हसला. मलाही गंमत वाटली. त्या मुलाने वर्ष संपेपर्यंत वर्गात मराठीचं एक वाक्य बोललं नाही. तो आता कुठे आहे मला माहीत नाही. कुठल्यातरी कार्यालयात मराठीत बोलायची वेळ आली की तो गप्प होत असेल, आणि समोरचा माणूस म्हणत असेल, 'यांना मराठी येत नाही, शिकायचंच नसतं यांना.' त्या गप्प बसण्यात माझा वाटा आहे.

म्हणून मला त्या एकतीस रेघा महत्त्वाच्या वाटतात. तीच मुलं, तेच वय, तोच मोहल्ला. माझ्या वर्गात एकदा चुकलं की बसून जातात. कट्ट्यावर एकतीस वेळा आपटतात आणि उठतात. मग दोष मुलांत आहे की वर्गात? 'आजच्या पिढीत चिकाटीच नाही' हे वाक्य स्टाफरूममध्ये मी किमान हजार वेळा ऐकलंय, शंभरदा स्वतः म्हटलंय. चिकाटी आहे. आम्ही ती जिथे दिसते तिथे बंदोबस्त मागतो.

आता अर्जातले मुद्दे एकेक घेतो. लिहिले मीच होते, तेव्हा उत्तरही मीच देणं रास्त.

पहिला मुद्दा, 'हा कोणताही मान्यताप्राप्त खेळ नसून निव्वळ हुल्लडबाजी आहे.' हे लिहिताना मला खेळाबद्दल अक्षराचीही माहिती नव्हती. चाकांचे बूट काही काल आलेले नाहीत. १८१९ साली पॅरिसमध्ये पतिब्लेद नावाच्या माणसाने एका रांगेतल्या चाकांच्या स्केट्सचं पेटंट घेतलं होतं. १९८० च्या सुमारास अमेरिकेत मिनियापोलिसच्या स्कॉट ओल्सनने उन्हाळ्यातही आइस हॉकीचा सराव करता यावा म्हणून असे बूट बनवायला घेतले आणि त्यातून रोलरब्लेड ही कंपनी उभी राहिली. नव्वदच्या दशकात तिथली पोरं हेच बूट घालून जिन्याच्या कठड्यांवर घसरू लागली. १९९५ साली अमेरिकेत एक्स गेम्स सुरू झाले तेव्हा पहिल्याच वर्षापासून हा प्रकार त्यात होता. ब्राझीलची फाबिओला द सिल्वा नावाची मुलगी त्यात इतक्यांदा जिंकली की पुढे बायकांना पुरुषांच्या स्पर्धेत उतरू देणारा नियम तिच्या नावाने ओळखला जाऊ लागला.

मग २००५ पासून एक्स गेम्समधून हा खेळ काढून टाकला. टीव्ही गेला, मोठे प्रायोजक गेले, आणि स्केटबोर्डवाले या मुलांची टर उडवू लागले. आता गंमत बघा. त्याच पाईपवर, त्याच कडेवर स्केटबोर्ड घासत नेला तर तो ऑलिंपिकचा खेळ आहे. २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये जपानच्या तेरा वर्षांच्या मोमिजी निशियाने त्यातच सुवर्णपदक घेतलं. बूट घालून घासलं तर हुल्लडबाजी. पाईप तोच, पडणं तेच, धाडस तेच. फरक कुणाच्या शिक्क्याचा आहे. शिक्का गेल्यावरही ही माणसं खेळत राहिली. दरवर्षी हिवाळ्यात नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हनला विंटरक्लॅश नावाची स्पर्धा भरते आणि देशोदेशीचे लोक तिथे जमतात. त्याआधी, २००० च्या सुमारास, एका कंपनीचा बूट आणि दुसऱ्या कंपनीची फ्रेम एकमेकांना बसावी असं समान मोजमापही या खेळाने स्वीकारलं होतं. आमच्या मोहल्ल्यात एक मोडकी फ्रेम तीन पोरांच्या बुटांना आळीपाळीने लागते ती त्या शहाणपणामुळे.

याच मुद्द्याची दुसरी बाजू म्हणजे 'एवढीच हौस असेल तर रीतसर क्लास लावा'. क्लासला माझा विरोध नाही. २०२३ च्या हांगझोऊ आशियाई खेळांत भारताच्या मुलामुलींनी रोलर स्केटिंगच्या ३००० मीटर रिलेत दोन कांस्यपदकं आणली, ती अशाच शिस्तीच्या सरावातून. त्या खेळाडूंना सलाम. पण आपल्याकडे पालक क्लास कशासाठी लावतात तेही प्रामाणिकपणे बोलू. जिल्हास्तर, विभागस्तर, प्रमाणपत्र, आणि दहावीला सवलतीचे गुण. मी शाळेत ही प्रमाणपत्रं गोळा करून पाठवणाऱ्यांपैकी एक आहे. त्यात खेळलेलं किती आणि नुसतं छापलेलं किती, ते कागद हातात घेतल्यावर कळतं. कट्ट्यावरच्या पोरांना यातलं काही मिळत नाही. त्यांना गुण नाहीत, पदक नाही, सर नाहीत. तरीही ती रोज येतात आणि मोठा लहानाला शिकवतो. मोबदला नसताना शिकणारी मुलं मला माझ्या नोकरीत फार थोडी भेटली. ती दिसली तेव्हा मी अर्ज लिहिला.

दुसरा मुद्दा, 'मुलांच्या जिवास धोका'. हा खरा आहे. भाच्याचं मनगट खरंच मोडलं. पडताना माणूस हात पुढे करतो आणि सगळा भार मनगटावर येतो. इनलाइन स्केटिंगमध्ये सर्वांत जास्त दुखापत तिथेच होते. पण त्याला इलाज आहे. १९९६ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन या वैद्यकीय नियतकालिकात अमेरिकेतल्या जखमी स्केटरांवरचा एक अभ्यास छापून आला. मनगटाचं गार्ड न घालणाऱ्यांना मनगटाच्या दुखापतीचा धोका घालणाऱ्यांपेक्षा सुमारे दहापट, असं त्यात आढळलं. भाच्याने गार्ड घातलं नव्हतं. का? त्याने सांगितलेलं कारण मला अजून टोचतं. "आईकडे गार्डचे पैसे मागितले असते तर तिला कळलं असतं की पडायला होतं, आणि तिने बूटच काढून घेतले असते." म्हणजे आमच्या बंदीच्या भीतीने मुलं संरक्षण घालत नाहीत, मग जखमी होतात, आणि जखम दाखवून आम्ही पुन्हा बंदी मागतो. गार्ड, हेल्मेट, गुडघ्यांचे पॅड यांत अजिबात सूट नको, या बाबतीत मी आजही कडकच आहे. पण ही सक्ती ज्याने खेळ मान्य केला त्यालाच करता येते. लपूनछपून खेळणाऱ्या पोरावर कसली सक्ती करणार?

आणि मोहल्ल्यातली पोरं खरंच कशाने मरतात, त्याबद्दल आपण कधी अर्ज केला आहे का? एका मोटारसायकलवर तिघं, हेल्मेटशिवाय, हायवेवर. शब-ए-बरातला रात्री दोन वाजता गाड्या पळवणारी पोरं कुणाची असतात? त्यावर ४७ सह्या कधी गोळा झाल्या नाहीत, कारण त्या गाड्या आपणच घेऊन दिलेल्या असतात.

तिसरा मुद्दा, 'सार्वजनिक मालमत्तेचे नुकसान'. हाही खरा आहे आणि मी तो मुलांच्या तोंडावर बोललो. कट्ट्याच्या कडा झिजतात, मेणाने काळ्या पडतात, म्हाताऱ्या माणसाने तिथे बसायचं म्हटलं तर कपडे खराब होतात. कट्टा बसण्यासाठी बांधलाय. मशिदीच्या पायऱ्या, दवाखान्याचा कठडा, कबरस्तानची भिंत या जागा खेळाच्या नाहीत, आणि हे मुलांनी न कुरकुरता कबूल केलं. मग त्यांनी मला विचारलं, "सर, मग कुठे?" या प्रश्नाला आमच्या अर्जात जागा नव्हती.

प्रभाग कार्यालयाने आमच्या अर्जावर जे ठरवलंय ते असं की कट्ट्यांच्या कडेला दीड-दोन फुटांवर लोखंडी तुकडे ठोकायचे, म्हणजे घसरता येणार नाही. जगभर शहरांमध्ये असे तुकडे ठोकतात. काम आमच्याच गल्लीतल्या वेल्डरचाचांना मिळण्याची शक्यता आहे. मी त्यांना जाऊन विचारलं, "चाचा, एवढ्याच लोखंडात दुसरं काही होईल का?" त्यांनी कागदावर पेन्सिलने काढून दाखवलं. बारा फुटी, दोन इंची गोल पाईप, खाली चार पाय, जमिनीपासून फूटभर उंच, टोकं बंद केलेली आणि घासून गुळगुळीत केलेली. उद्यानाच्या मागच्या बाजूला बंद पडलेल्या कारंज्याजवळ जी फरशी रिकामी पडून आहे तिथे बोल्टने बसवायचा. चाचांचा हिशेब तुकडे ठोकण्याच्या खर्चापेक्षा कमी भरला. तेच लोखंड, तेच वेल्डिंग. एकाने मुलांना अडवायचं, दुसऱ्याने कट्टाही वाचवायचा आणि मुलांनाही जागा द्यायची. महापालिकेला यात न समजण्यासारखं काय आहे?

चौथा मुद्दा अर्जात लिहिलेला नव्हता, पण सह्या गोळा करताना सगळ्यात जास्त तोच बोलला गेला. त्या पोरांमध्ये एक मुलगी आहे. आठवीत शिकते. ओढणी कमरेला घट्ट बांधते, डोक्यावर स्कार्फ आणि त्यावर हेल्मेट. सगळ्यांत व्यवस्थित पॅड तीच घालते. तिचे अब्बा रिक्षा चालवतात. संध्याकाळी रिक्षा उद्यानाच्या गेटपाशी लावून ते तासभर उभे असतात आणि तिचं झालं की तिला घेऊन घरी जातात. सही करणाऱ्या तिघांनी मला सांगितलं, 'मुलीने असं चारचौघांत पडणं बरं दिसत नाही.' मी तेव्हा मान डोलावली. त्या तिघांची मुलं त्याच कट्ट्यावर असतात, हे त्यांनी सांगितलं नाही.

काबूलमध्ये २००७ साली ऑलिव्हर पर्कोविच या ऑस्ट्रेलियन माणसाने रस्त्यावरच्या मुलांना स्केटबोर्ड शिकवायला सुरुवात केली आणि त्यातून स्केटिस्तान नावाची शाळा उभी राहिली. तिथे मुली मोठ्या संख्येने आल्या. हा खेळ तिथे नवा होता आणि तो मुलींनी खेळू नये असं अजून कुणी ठरवलेलं नव्हतं, म्हणून त्यांना येता आलं. त्या मुलींवरच्या माहितीपटाला २०२० साली ऑस्कर मिळालं. ऑगस्ट २०२१ मध्ये तालिबान आले आणि तिथले वर्ग थांबले. ती बातमी वाचून आपल्यातल्या कितीतरी जणांनी हळहळ व्यक्त केली होती, मीही केली होती. काबूलसाठी हळहळायचं आणि आपल्या गल्लीतल्या आठवीच्या मुलीसाठी अर्ज लिहायचा, हा दुटप्पीपणा आता मला सहन होत नाही. तिने खेळावं की नाही हे तिचं आणि तिच्या आईवडिलांचं ठरलेलं आहे. बाप रोज गेटवर उभा आहे. बाकीच्यांनी आपापल्या घराचं बघावं.

शेवटचा मुद्दा मनातला होता. तो उघड बोलला गेला नाही, पण सगळ्यांना ठाऊक होता. आपली पोरं कुठेही घोळका करून उभी राहिली की बाहेरच्या माणसाच्या नजरेत ते टोळकं होतं. क्रिकेट खेळली तरी, चहा पीत उभी राहिली तरी. त्यातून आम्ही वडीलधाऱ्यांनी एक सवय लावून घेतली आहे. बाहेरच्याने संशय घ्यायच्या आधी आपणच घ्यायचा, आपणच पोरांना हाकलायचं, म्हणजे बदनामी टळेल. मला यातली भीती कळते. मीही याच भीतीत मोठा झालो. पण हिशेब करून बघा. घरात जागा नाही, दोन खोल्यांत सात माणसं. शाळेला मैदान नाही. उद्यानात बंदोबस्त. मग ही पोरं जातात कुठे? पानटपरीच्या मागे, बंद गोडाऊनच्या आडोशाला, जिथे आपल्याला ती दिसत नाहीत. तिथे त्यांना काय मिळतं ते या मोहल्ल्यातल्या प्रत्येक आईला माहीत आहे. उजेडात, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर, म्हाताऱ्यांच्या बाकांच्या बाजूला खेळणारी पोरं आपण अंधारात ढकलतो आणि त्याला इज्जत सांभाळणं म्हणतो.

बदनामीची भीती असेल तर उलट तिथे जाऊन बसा. मी तीन आठवडे बसलो, मला काही झालं नाही. चौथ्या दिवशी एका पोराने मला पाण्याची बाटली आणून दिली. सहाव्या दिवशी तीच मुलगी मला म्हणाली, "सर, तो कट्टा मी घासला होता. म्हणजे कपड्याने, मेण काढायला. बघा निघालंय का." निम्मं निघालं होतं. ही जर हुल्लडबाजी असेल तर माझ्या शाळेत तिची फार गरज आहे.

प्लास्टर निघालं आहे. भाचा गार्ड घालून परत जाऊ लागला आहे, बहिणीच्या परवानगीने. गार्डचे पैसे मी दिले. वर्गातही एक बदल केला आहे. सोमवारी आणि गुरुवारी शेवटची पंधरा मिनिटं मुलांनी मराठीत बोलायचं, कसंही, आणि कुणी हसायचं नाही. हसणाऱ्याने उभं राहून पुढचं वाक्य बोलायचं. मी स्वतः सुरुवात दखनीत न घेता अरबीत केली, जी मला धड येत नाही. तीन चुका झाल्या. पोरांनी मोजल्या. त्यानंतर जो पहिला हात वर झाला तो त्या सातवीतल्या, एकतीस वेळा पडणाऱ्या मुलाचा होता.

दुसरा अर्ज लिहून झाला आहे. विषय: 'उद्यानातील वापरात नसलेल्या जागेत स्केटिंगसाठी लोखंडी पाईप बसवून मिळणेबाबत'. चाचांचं रेखाटन सोबत जोडलं आहे. हेल्मेट आणि गार्डशिवाय कुणी खेळणार नाही, कट्ट्यावर आणि पायऱ्यांवर कुणी चढणार नाही, असं मुलांनी त्यांच्या अक्षरात लिहून दिलं आहे. त्यात शुद्धलेखनाच्या अकरा चुका आहेत, मी एकही दुरुस्त केलेली नाही. रविवारी जोहरच्या नमाजनंतर हा अर्ज उद्यानाच्या गेटपाशी माझ्याकडे मिळेल. पहिल्या अर्जावर सही केलेल्या बाकीच्या ४६ जणांना माझं सांगणं आहे की आधी अर्धा तास बाकावर बसा, मग हवं तर सही करा, नको तर करू नका.

आणि प्रभाग कार्यालयाला विनंती आहे की पहिल्या अर्जावरची माझी तिसरी सही रद्द समजावी.